नाटकात काम करायचंय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा सुरू झाला की हौशी नाट्यसंस्थांमध्ये संहितांची शोधाशोध आणि माणसांची जमवाजमव सुरू होते. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं त्याबद्दलचीच आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत, आणि वाचकांची नावं न देता फक्त गाव दिलं आहे.

प्रश्न : मी बँकेत आहे, वय ३१. कॉलेजात एकांकिका केल्या होत्या, आता पुन्हा काम करायचंय. पण कुठे ऑडिशन होती हे मला प्रयोग झाल्यावरच कळतं. संस्था वर्षात नेमकी कधी माणसं शोधतात? (कराड)

हौशी नाटकाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. पहिली धावपळ महाविद्यालयांची असते. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते. त्याची प्राथमिक फेरी साधारण ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात होते, म्हणून कॉलेजांचे संघ जून-जुलैमध्येच ठरतात. तुम्ही विद्यार्थी नाही, तेव्हा हा हंगाम तुमचा नाही.

तुमचा हंगाम राज्य नाट्य स्पर्धेचा. सांस्कृतिक कार्य संचालनालय पावसाळ्यात अर्ज मागवतं आणि प्राथमिक फेरी बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये केंद्राकेंद्रांवर होते. त्याआधी दोन महिने तालमी हव्यात, त्याआधी वाचनं, त्याआधी संहिता. म्हणजे दोन अंकी नाटकाची पात्रनिवड जुलैच्या मध्यापासून गणपतीपर्यंत उरकते. गणपतीनंतर जी माणसं शोधली जातात ती बहुतेक कुणीतरी सोडून गेलं म्हणून. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत खुल्या एकांकिका स्पर्धांची रांग असते, तिच्यासाठी छोटे गट दसऱ्याच्या आसपास जमतात. मुंबईत २५ जानेवारीच्या रात्री होणारी चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकांची असते. तिथे नव्या माणसाला जागा नसते, पण पाहायला जरूर जा.

आता जाहिरातीबद्दल. हौशी संस्थांच्या निम्म्याहून जास्त भूमिका जाहिरात न देताच भरतात, कारण दिग्दर्शक आधी ओळखीच्यांना फोन करतो. यावर एकच इलाज आहे. या वर्षी तुमच्या जवळच्या केंद्रावर प्राथमिक फेरीची नाटकं पाहा. तिकीट नाममात्र असतं. ज्यांचं काम आवडलं अशा दोन-तीन संस्थांच्या दिग्दर्शकांना प्रयोग संपल्यावर भेटा, नाव-नंबर द्या आणि ‘पुढच्या वर्षीच्या वाचनांना येऊन बसलो तर चालेल का’ एवढंच विचारा. भूमिका मागू नका. जूनमध्ये पुन्हा एक फोन करा. संहिता ठरवताना संस्थेला चार-पाच वेळा मोठ्यानं वाचन करावं लागतं आणि तेव्हा वाचणारी माणसं नेहमी कमी पडतात. वाचनाला नियमित येणाऱ्याला भूमिका मिळणं फारसं अवघड नसतं.

प्रश्न : ऑडिशनला काय तयार करून न्यावं? मी एका गाजलेल्या नाटकातलं शेवटचं स्वगत पाठ केलं आहे. (नांदेड)

ते घरी ठेवा. गाजलेलं स्वगत ऐकताना परीक्षकाच्या कानात आधीचा नट वाजत असतो, आणि तुम्हीही नकळत त्याचीच नक्कल करत असता. शिवाय शेवटच्या स्वगतापर्यंत पात्र अडीच तासांचा प्रवास करून आलेलं असतं. तुम्ही मात्र नुकतेच रिक्षातून उतरलेले असता. म्हणून पहिल्या वाक्यापासून ओरडा सुरू होतो.

दोन उतारे तयार करा, प्रत्येकी दीड मिनिटाचे. दोन्ही तुमच्या वयाच्या आसपासच्या पात्रांचे असावेत. एकात पात्र कुणाकडून तरी काहीतरी मिळवायला बघतंय असं असावं : परवानगी, उसने पैसे, माफी. दुसरा हलका घ्या. दीड मिनिट म्हणजे टंकलिखित पानाचा साधारण पाऊण भाग. घड्याळ लावून म्हणून पाहा. पाठांतर असं हवं की भांडी घासताना म्हटलं तरी अडखळू नये, कारण तिथे गेल्यावर दिग्दर्शक हमखास म्हणणार, ‘हेच आता कुजबुजत म्हणा, शेजारी बाळ झोपलंय.’ त्या क्षणी शब्द आठवण्यात डोकं गुंतलं तर सूचना घेता येत नाही, आणि खरी परीक्षा तीच असते.

न वाचलेलं पान हातात देतील. दोन मिनिटं मागून घ्या, त्याला कुणी नाही म्हणत नाही. त्या वेळात शब्द पाठ करायला जाऊ नका. समोरचं पात्र कोण आहे आणि त्याच्याकडून काय हवंय एवढं शोधा. वाचताना कागद छातीच्या उंचीवर धरा, तोंडासमोर नको. एक वाक्य डोळ्यांनी उचलायचं, समोरच्याकडे बघून म्हणायचं. समोरचा बोलत असताना पुढची ओळ वाचायची नाही, त्याचं ऐकायचं. एखादी ओळ चुकली तरी चालेल, मध्येच थांबून ‘सॉरी, पुन्हा करू?’ म्हणू नका.

कपडे साधे आणि जमिनीवर बसता येईल असे घाला. वेशभूषा करून जाऊ नका. आणि नोकरीची वेळ, परीक्षा, घरचं लग्न, जे काही असेल ते फॉर्मवर खरं लिहा. निवड झाल्यावर तारखा सांगणारा माणूस पुढच्या वर्षी कुणालाच नको असतो.

प्रश्न : आमची संस्था नवी आहे. राज्य नाट्यसाठी नऊ पात्रांचं दोन अंकी नाटक करतोय. प्रथमच जाहीर निवड चाचणी घ्यायची आहे. ती कशी आखावी? (दापोली)

प्रयोगाच्या तारखेपासून मागे मोजत या. समजा प्रयोग नोव्हेंबरच्या अखेरीस आहे. शेवटचे चार दिवस रंगीत तालमींचे. त्याआधी आठ-दहा दिवस सलग नाटक, पहिल्या घंटेपासून पडद्यापर्यंत. त्याआधी प्रवेशवार काम, त्याआधी हालचाली बसवणं, त्याआधी निदान सहा वाचनं. हौशी माणसं संध्याकाळी अडीच तास देऊ शकतात असं धरलं तर दोन तासांच्या नाटकाला ४५ ते ५० तालमी लागतात. मध्ये गणपती आणि दिवाळी अशी दोन खिंडारं आहेत, आणि तुमच्या भागात ऑक्टोबरात भातकापणी. कॅलेंडरवर हे दिवस आधी लाल करा. उरलेले मोजले की निवड चाचणी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच व्हायला हवी, हे आपोआप दिसेल.

जाहिरातीत नाटकाचं आणि लेखकाचं नाव, प्रत्येक पात्राचं वय आणि एका ओळीत वर्णन, तालमीची जागा, वार, वेळ, प्रयोगाचं केंद्र आणि अंदाजे तारीख लिहा. मानधन नसेल तर ‘मानधन नाही, प्रवासखर्च मिळेल’ असं स्वच्छ छापा. बऱ्याच संस्था नेमकी तालमीची वेळ आणि पैशाची गोष्ट वगळतात आणि मग पहिल्या आठवड्यात तीन माणसं गळतात. एखादी भूमिका आधीच ठरलेली असेल तर तीही लिहा. अध्यक्षांच्या मेहुण्याला नायक करायचं असेल तर करा, पण त्या भूमिकेसाठी वीस जणांना रांगेत बसवू नका.

शाळेचा एक मोठा वर्ग पुरतो, शिवाय थांबायला दुसरा वर्ग हवा, नाहीतर बाहेरचे सगळे दारातून ऐकत राहतात आणि दहाव्या माणसापासून सगळे एकसारखं वाचू लागतात. परीक्षक तीन : दिग्दर्शक, भाषेचा कान असलेला एक, आणि फक्त नोंदी करणारा एक. लेखक गावातलाच असेल तर त्याला त्या दिवशी चहाची व्यवस्था द्या. त्याला आपली वाक्यं जशी डोक्यात वाजली तशी म्हणणाराच आवडतो.

माणशी आठ मिनिटं धरा. चाळीस जण आले तर ३२० मिनिटं, म्हणजे पाच तास वीस मिनिटं. एका दिवसात हे करू नका, शनिवार दुपार आणि रविवार सकाळ अशी विभागणी करा. चौथ्या तासाला आलेल्या माणसाला परीक्षक नीट ऐकतच नाहीत. आल्यावर क्रमांक, फॉर्म, एक फोटो. मग स्वतःचा दीड मिनिटाचा उतारा. मग तोच उतारा वेगळ्या सूचनेनं. मग तुमच्या संहितेतलं एक पान. समोर संवाद द्यायला सगळ्यांसाठी एकच माणूस बसवा आणि त्याला अभिनय करायला बंदी घाला, नाहीतर तोच भाव खाऊन जातो.

पान कोणतं द्यायचं हे इतर सगळ्यापेक्षा महत्त्वाचं. भांडणाचा, रडण्याचा, कळसाचा प्रसंग देऊ नका. मोठ्या आवाजाआड सगळे सारखेच दिसतात. मधला असा प्रसंग घ्या जिथे पात्र कमी बोलतंय आणि समोरच्याचं ऐकून मत बदलतंय. ऐकणं जमतं की नाही हे अर्ध्या पानात कळतं.

गुण देऊन बेरीज करू नका. बेरजेत नेहमी सगळीकडे ठीकठाक असणारा वर येतो, आणि तुम्हाला आजी हवी असते, ठीकठाक नव्हे. चार रकाने पुरेत : ऐकतो का, सूचना घेतो का, आवाज पोचतो का, तारखा जुळतात का. चौथ्या रकान्यात ‘नाही’ असेल तर पहिले तीन कितीही भरलेले असोत, मोठी भूमिका देऊ नका. एमआयडीसीतली फिरती पाळी असेल तर पाळ्यांचं वेळापत्रक आधी बघा; दर तिसऱ्या आठवड्याला दुसरी पाळी आली की संध्याकाळच्या सहा तालमी एका फटक्यात जातात. आमचं मत स्पष्ट आहे : हौशी नाटकात उत्तम पण अधूनमधून येणाऱ्या नटापेक्षा बरा आणि रोज येणारा नट नाटकाला वर नेतो, कारण त्याच्यामुळे समोरच्याचंही काम पक्कं होतं.

आवाज वर्गात तपासू नका. शाळेच्या मैदानावर साठ फूट अंतरावर उभं राहून साधं वाक्य साध्या सुरात बोलायला सांगा. घसा ताणून ओरडणाऱ्याचा आवाज दुसऱ्या अंकात बसतो.

निवडलेल्या पंधरा-सोळा जणांना आठवड्याभरात पुन्हा बोलवा, या वेळी जोडीजोडीनं, प्रत्येक जोडीला वीस मिनिटं. आई आणि मुलगा शेजारी उभे केल्यावर आईच धाकटी दिसते हे इथेच कळतं. चित्रण करायचं असेल तर विचारून करा आणि निवड झाल्यावर पुसून टाका.

निकाल तीन दिवसांत. आधी निवडलेल्यांना फोन करा आणि त्यांचा होकार येईपर्यंत इतरांना काही कळवू नका. मग प्रत्येकाला वेगळा निरोप द्या. व्हॉट्सअॅपच्या गटावर यादी टाकण्याची पद्धत सोयीची असते, पण गावात पुढच्या वर्षीही याच माणसांकडे जायचं असतं.

प्रश्न : आमच्या मंडळात दिवाळीनंतर एक जुनं नाटक करायचं आहे. पुस्तक विकत घेतलं आहे. लेखक हयात नाहीत. तरी परवानगी लागते का? (इंदूर)

पुस्तक विकत घेतल्यानं वाचण्याचा हक्क मिळतो, प्रयोगाचा नाही. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. गडकरी १९१९ मध्ये गेले आणि खाडिलकर १९४८ मध्ये. त्यांची नाटकं मोकळी आहेत. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत हक्क वारसांकडे. पु. ल. २००० मध्ये गेले आणि तेंडुलकर २००८ मध्ये. त्यांच्यासाठी अनुक्रमे २०६० आणि २०६८ अखेरपर्यंत थांबावं लागेल. मूळ नाटक मोकळं असलं तरी कुणी अलीकडे केलेली रंगावृत्ती किंवा भाषांतर मोकळं नसतं. त्या माणसाची परवानगी वेगळी.

कायद्यात हौशी मंडळांना एक सवलत आहे : प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेला प्रयोग, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग, हा हक्कभंग ठरत नाही. पण धार्मिक संस्थेची मदत हा हेतू नसताना प्रवेशिका विकली की ही सवलत गेली. ‘देणगी’ म्हटल्यानं तिकिटाचं स्वरूप बदलतं असं समजू नका. शिवाय सवलत प्रयोगापुरती आहे, प्रयोगाचं चित्रण यूट्यूबवर टाकण्याला ती लागू होत नाही. बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात.

सवलत लागू असली तरी आम्ही पत्र लिहायला सांगू. त्यात नाटकाचं नाव, प्रयोगांची संख्या, तारीख, जागा, तिकीट आहे की नाही, आणि संहितेत काय कापायचं आहे हे लिहा. उत्तर लेखी घ्या. ‘परवानगी मिळाली’ याचा अर्थ एका प्रयोगाची मिळाली की पाचांची, हे कागदावर असलेलं बरं.

महाराष्ट्रात प्रयोग नेणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं, प्रमाणपत्रही लागतं. जुन्या नाटकाचं ते बहुधा आधीच झालेलं असतं, त्याची प्रत लेखकाच्या घरून किंवा मूळ निर्मात्याकडून मागवा. प्रमाणपत्र मंजूर झालेल्या मजकुराला असतं. नवे प्रवेश घातले तर पुन्हा दाखवावं लागेल.

प्रश्न : एका ‘प्रॉडक्शन’नं नाटकाच्या ऑडिशनसाठी २,५०० रुपये आणि फोटोंचा पोर्टफोलिओ मागितला आहे. देऊ का? (अकोला)

नाही. हौशी संस्था ऑडिशनचे पैसे घेत नाही, व्यावसायिक निर्माताही नाही. नाटकाला पोर्टफोलिओ लागत नाही, फोनवर काढलेला साधा फोटो चालतो. सभासद वर्गणी ही वेगळी गोष्ट, ती निवडीनंतर, पावती घेऊन. शिबिराचे पैसे घेऊन ‘शेवटी नाटकात संधी’ असं सांगणाऱ्यांना किती प्रयोग, कुठे, कोणतं नाटक हे लेखी विचारा. ऑडिशन कुणाच्या घरी, हॉटेलात किंवा रात्री उशिरा असेल तर जाऊ नका, आणि पहिल्या वेळी कुणाला तरी सोबत न्या.

प्रश्न : दोनदा ऑडिशन दिली, दोन्ही वेळा ‘भाषा शुद्ध करा’ म्हणाले. घरी आम्ही वऱ्हाडी बोलतो. (वाशिम)

तुमची भाषा अशुद्ध नाही. पण ज्या पात्राची बोली वेगळी आहे ते करता येण्यासाठी उच्चारांची सवय लागते, ती करून घेता येते. वऱ्हाडी वळणात मुख्यतः दोन गोष्टी कानाला जाणवतात : ‘ण’चा ‘न’ होणं आणि ‘ळ’चा ‘य’ होणं. ‘न’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी असतं, ‘ण’ला ते मागे वळून टाळूला लागतं. आरशात बघून आधी नुसतं ‘अण, अण, अण’ म्हणा. मग पाणी, लोणी, कोण, आणि नंतर दोन्ही येणारे शब्द : नणंद, नाणं, मनगणित. ‘ळ’साठी तीच वळलेली जीभ टाळूला लावून पुढे सोडायची : काळा, फळ, डोळे, आभाळ. रोज दहा मिनिटं, फोनवर ध्वनिमुद्रण करून. आपण बोलतो तेव्हा आपल्याला फरक कळत नाही, ऐकताना लगेच कळतो.

महिनाभरात शब्द सुधारतात, मग एक नवा घोटाळा होतो : माणूस घाबरून सगळीकडे ‘ण’ लावायला लागतो, ‘वनवास’चा ‘वणवास’ होतो. तसं झालं तर वेग कमी करा. तिसरी गोष्ट वाक्याचा हेल. तो उच्चारांपेक्षा हट्टी असतो आणि यादी घोकून जात नाही. रोज वर्तमानपत्राचा एक स्तंभ मोठ्यानं वाचा आणि वाक्याचं शेवटचं क्रियापद न लांबवता खाली ठेवा.

हे सगळं करताना वऱ्हाडी सोडू नका. बोलीतल्या नाटकात शहरातला नट वऱ्हाडी ‘करतो’ तेव्हा काय होतं ते तुम्ही ऐकलंच असेल. फॉर्मवर ‘येणाऱ्या बोली’ असा रकाना नसला तरी लिहून या.

प्रश्न : झाडीपट्टीच्या नाटकात काम मिळेल का? (नागपूर)

मिळू शकतं, पण ते हौशी काम नाही, रोजगार आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात भाऊबीजेनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरायला लागतात आणि होळीपर्यंत नाटकं चालतात, रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत. मंडळांचं मुख्य ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. संच दिवाळीच्या आधीच ठरतात, तेव्हा दसऱ्यापूर्वी जाऊन भेटा. गाता येत असेल तर आधी तेच सांगा. मात्र शनिवार-रविवारपुरतं काम असं तिथे नसतं. हंगामात आज एका गावात, उद्या दुसऱ्या गावात प्रयोग असतो आणि झोप गाडीत.

प्रश्न : प्रयोगाला तीन आठवडे असताना आमच्या मुख्य नटाची बदली झाली. नाटक मागे घ्यावं का? (लातूर)

नको. तीन आठवड्यांत भूमिका उभी राहते, पण पहिल्या दिवशी सगळं नाटक पहिल्यापासून लावू नका. तसं केलं तर आठ जण कंटाळतात आणि नवा नट घाबरतो.

आधी माणूस. दिग्दर्शकानं स्वतः उडी मारू नये, कारण मग शेवटचे वीस दिवस बाहेरून नाटक बघणारं कुणी उरत नाही. तुमच्याच संचात बघा : प्रॉम्प्टरला सगळं नाटक पाठ असतं आणि हालचालीही. वय जुळत असेल तर तोच सगळ्यांत जवळचा पर्याय. छोट्या भूमिकेतला नट वर घेतलात तर छोटी जागा भरणं सोपं.

पहिले तीन दिवस फक्त नवा नट आणि दिग्दर्शक. रंगमंचाचा आराखडा जमिनीवर खडूनं आखा आणि हालचाली आधी द्या, शब्द नंतर; पाय कुठे जातात हे ठरलं की वाक्यं लवकर बसतात. त्याच वेळी बाकीच्यांनी आपापली वाक्यं फोनवर बोलून त्याला पाठवावीत, प्रत्येक वाक्यानंतर त्याच्या उत्तराएवढी रिकामी जागा सोडून. चौथ्यापासून सातव्या दिवसापर्यंत केवळ त्याचे प्रवेश. आठव्या दिवशी संहिता हातातून काढून सलग नाटक, कितीही अडखळलं तरी न थांबता.

इतरांना सांगा की जुन्या नटाच्या लकबी नव्याला शिकवू नका. ‘तो इथे हसायचा’ हे वाक्य तालमीत बंद. स्पर्धेला पाठवलेल्या कलाकारांच्या यादीत बदल झाला आहे हे केंद्राच्या समन्वयकांना लेखी कळवा. आणि कपडे! बदलीच्या गडबडीत शर्टाचं माप रंगीत तालमीला आठवतं.

पुढच्या वेळी दोन मोठ्या भूमिकांसाठी पहिल्या दिवसापासून बदली नट ठेवा आणि आठवड्यातून एक तालीम त्याला उभं करून घ्या. नुसतं यादीत नाव असलेला बदली नट उपयोगाचा नसतो.

प्रश्न : तालुक्याच्या शाळेच्या सभागृहात प्रयोग आहे. मागच्या वर्षी लाइट लावले आणि पहिल्या अंकात फ्यूज उडाला. किती लोड चालतो? (अलिबाग)

एक हजार वॅटचा हॅलोजन पार (रंगमंचावर झोत टाकणारा दिवा) २३० व्होल्टवर सव्वाचार ते साडेचार अँपिअर घेतो. भिंतीवरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर तीनच पार बसतात, चौथा लावला की उडणार. बारा पार म्हणजे १२ किलोवॅट, सुमारे ५२ अँपिअर. शाळेच्या सिंगल फेजवर हे होणारच नाही. थ्री फेज असेल तर प्रत्येक फेजवर चार पार वाटा. नसेल तर जनरेटर; १५ केव्हीएचा या लोडला काठोकाठ होतो, म्हणून २० ते २५ चा घ्या.

एलईडी पार घेतले तर लोड खूप कमी होतो, पण ते डिमरवर (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) लावू नका. ते फडफडतात आणि बिघडतात. त्यांना थेट वीज आणि डीएमएक्सची, म्हणजे दिव्यांना सूचना पोचवणारी, वायर. तीन रंगांचे एलईडी चेहऱ्यावर मारले तर रंगभूषा राखाडी दिसते, म्हणून चेहऱ्यासाठी पिवळसर पांढरे घ्या आणि रंगीत मागच्या पडद्यावर. ध्वनियंत्रणा डिमरच्या फेजवर ठेवली तर स्पीकरमध्ये घरघर येते, तिला वेगळी फेज द्या. संध्याकाळी सातचा प्रयोग असेल तर दुपारी दोनला सगळे दिवे एकदम पूर्ण लावून वीस मिनिटं तसेच ठेवा. सैल जोडणी असेल तर तेव्हाच गरम होऊन कळेल, प्रेक्षक यायच्या आत.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा बालनाट्याच्या चाचणीला जाणार आहे. काय पाठ करून घेऊ? (नगर)

काहीच नको. आईनं बसवलेले हातवारे काढायला दिग्दर्शकाला महिना लागतो. चांगली संस्था दहा-बारा मुलांना एकत्र खेळ देते आणि कोण दुसऱ्याचं ऐकतो ते बघते. तालीम दोन तासांपेक्षा जास्त नसावी, खोलीत कायम दोन मोठी माणसं असावीत, आणि सहामाही परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी असावी, एवढं तुम्ही विचारून घ्या.

प्रश्न : वय ५२, रंगमंचावर उभं राहायचं नाही, पण नाटकात काहीतरी करायचं आहे. माझा काय उपयोग? (मिरज)

संस्थांना नटांपेक्षा तुमची जास्त गरज आहे. रंगसाहित्य, म्हणजे सगळे ज्याला प्रॉपर्टी म्हणतात, ते काम मागा. संहिता वाचून प्रत्येक वस्तूची यादी करायची : कोणत्या पानावर येते, कोण आणतं, कोणत्या विंगेतून, आणि वापरून झाल्यावर कुठे राहते. शेवटचा रकाना बहुतेक याद्यांत नसतो. म्हणून दुसऱ्या अंकात हवं असलेलं पत्र पहिल्या अंकातल्या कोटाच्या खिशात सापडतं, आणि कोट कपडेपटात. दोन्ही विंगांत एकेक टेबल मागा, त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीनं चौकोन आखा आणि प्रत्येक चौकोनात वस्तूचं नाव लिहा. रिकामा चौकोन लांबूनही दिसतो. चहाचे कप, फोन, काठी यांच्या तात्पुरत्या वस्तू तालमीच्या दुसऱ्या आठवड्यापासूनच नटांच्या हातात द्या. काच आणि चिनी मातीचं सामान असेल तर प्रत्येकी एक जास्तीचं ठेवा. दर मध्यंतरात यादी पुन्हा वाचायची, आणि नटांना सांगून ठेवायचं की टेबलावरची वस्तू तुम्हाला विचारल्याशिवाय कुणी उचलायची नाही, दिग्दर्शकानंही नाही.